बटणवालीची खुर्ची

१

लग्नानंतर आठवडाभरातच तिच्या लक्षात आलं, की आपला नवरा घरातसुद्धा धंद्याच्याच भाषेत बोलतो.

"तू स्वयंपाकघराच्या दारात उभी आहेस," तो सकाळी टेबलापाशी बसून, लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणायचा. "शेगडीवर दूध आहे. दूध वर यायला लागलंय. काय करतेस?"

"गॅस बंद करते. आणि तुझ्या नावाने बोटं मोडते."

"गॅस बंद झाला. बोटं मोडायची तर फासे टाकावे लागतील."

माहेरी कोणी असं बोललं असतं तर वडिलांनी आधी त्याचा ताप बघितला असता. तिला मात्र गंमत वाटायची. ती मुळात कमी बोलणारी. इथे निदान प्रश्न तयार मिळत होते, आपण फक्त उत्तर द्यायचं. नव्या घरात बोलायला काय काढावं या विवंचनेपेक्षा हे बरं.

एकच गोष्ट खटकायची, आणि ती इतकी बारीक होती की कोणाला सांगायला जावं तर आपलंच हसं व्हायचं. तिने उत्तर दिलं की तो लगेच पुढे बोलत नसे. थांबायचा. तिच्या डाव्या खांद्यावरून पलीकडे, फ्रिजच्या आसपास कुठेतरी बघायचा. आणखी एका माणसाला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल, तेवढाच. मग मान हलवायचा आणि पुढचं वाक्य सुरू करायचा.

पहिल्यांदा तिला वाटलं, याला फ्रिजमधलं काहीतरी हवंय. तिने लोणी काढून दिलं. त्याने ते निमूटपणे टोस्टला लावलं, पण ते त्याला नको होतं हे दिसत होतं.

२

तो खेळ लिहायचा.

लग्न ठरताना हे समजावून सांगताना तिची पुरेवाट झाली होती. "खेळ खेळतात," वडील म्हणाले होते, "लिहितात कशाला?" आत्याने तर "पेन्शन असतं का त्यात?" असं विचारून विषयच संपवला होता. तिने तिला समजलं होतं तसं सांगितलं. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, तुम्ही कुठे आहात, समोर काय आहे. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जमलं की फसलं, हे फासे ठरवतात. हे सगळं कसं चालवायचं याची जाडजूड पुस्तकं असतात, आणि ती पुस्तकं हा लिहितो.

नाव मोठं होतं त्याचं, त्या जगात. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत, कॉलेजात असताना, त्याने पहिला खेळ लिहिला. झेरॉक्स काढून, पिना मारून, स्वतः विकला. मग बुडालेल्या शहराचा तो मोठा खेळ आला, त्याला बक्षीस मिळालं, एका कंपनीने त्याला नोकरीवर घेतलं. तिथे त्याने वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या कल्पनेतले राजवाडे आणि राक्षस लिहिले. कंपनी बसली. मग शब्दांच्या भावाने मिळेल ते काम. आणि आता, केस मागे सरकायला लागल्यावर, पुन्हा एकदा स्वतःचं पुस्तक.

या सगळ्या पुस्तकांत एक नियम मात्र पहिल्यापासून होता. त्याची सही म्हणा ना. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत रोज कोणीतरी दांडी मारायचं, कोणाची परीक्षा, कोणाची आई आजारी. त्यावर त्याने लिहिलं होतं: "खुर्ची रिकामी असेल तर तो खेळाडू मागे उभा आहे असं धरावं. त्याला इजा होत नाही. जे मिळेल त्यात त्याचा वाटा पूर्ण." दूरदूरचे लोक त्याला ईमेल करून सांगायचे, की या एका नियमामुळे आमचे मित्र टिकले.

रविवारी दुपारी त्याची मंडळी यायची, नवा खेळ तपासायला. दातांचे डॉक्टर, जे बोलताना समोरच्याच्या तोंडाकडेच बघायचे. तिची नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. आणि त्याची पुस्तकं तपासणाऱ्या, साठीच्या संपादक, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. टेबलावर नकाशा पसरायचा आणि त्यावर प्रत्येकाची रंगवलेली छोटी सोंगटी उभी राहायची. तिलाही एक मिळाली, हिरव्या साडीतली, नवऱ्याने स्वतः रंगवलेली.

आणि एक काळं बटण. कोटाचं असावं, चार भोकांचं. ते सगळ्यांच्या मागे, नकाशाच्या कडेला ठेवलेलं असायचं, आणि त्याच्या नावाची एक खुर्ची, घरातल्या बोळाकडे पाठ केलेली, रिकामी.

फेरी तिथे आली की सगळे थांबायचे. डॉक्टर बिस्किट तोंडाशी नेलेला हात तसाच धरून थांबायचे. मग नवरा म्हणायचा, "बटणवाली मागे उभी आहे," आणि खेळ पुढे जायचा.

३

नव्या पुस्तकात राक्षस नव्हते, राजवाडा नव्हता. एक साधं घर होतं. पहिल्या पानावर त्याने लिहिलं होतं, 'या घरात तुम्ही राहता. आतल्या खोलीत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. फक्त आठवत नाही.'

"छान आहे," ती म्हणाली. "पण मला त्या घरात राहायला सांगू नकोस."

"तिथेच राहतेयस," तो हसून म्हणाला, आणि मोजपट्टी घेऊन आला. त्याची कामाची रीतच तशी. खोली मनाने रचायची नाही, खरी मोजायची आणि तीच पुस्तकात घालायची. बुडालेल्या शहरातलं देऊळ म्हणजे त्याच्या कंपनीचं कॅन्टीन होतं, असं बाईंनी तिला एकदा सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी त्यांनी आपलं घर मोजलं. हॉल मोजला, स्वयंपाकघर मोजलं. मग बोळ. तिने पट्टीचं टोक झोपायच्या खोलीच्या दाराशी छातीच्या उंचीवर धरलं, तो हॉलच्या तोंडाशी उभा राहून आकडे लिहायला लागला. तेवढ्यात तिचा फोन वाजला, हॉलमध्ये. ताईचा असणार. तिने टोक सोडलं, त्याच्या बाजूने पुढे गेली, फोन उचलला आणि वळून बघितलं.

पट्टी ताणलेलीच होती. बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, छातीच्या उंचीवर, सरळ, पिवळी. जराही लोंबत नव्हती.

"जरा घट्ट धर," नवरा मान खाली घालून म्हणाला.

पट्टी किंचित घट्ट झाली.

"हं. सोड आता."

ती सर्रकन येऊन त्याच्या हातातल्या डबीत शिरली.

"हॅलो? अगं, आहेस का?" ताई फोनमधून विचारत होती.

नंतर ती बोळात जाऊन बघून आली. दाराला कडी होती, बाहेर आलेली, साधारण त्याच उंचीवर. टोक तिथे अडकलं असणार. सोडताना आपल्याच हातून अडकलं असणार. आणि घट्ट झाली ती त्याच्याच बाजूने ओढली म्हणून. झालं. तिने दुपारी पुन्हा एकदा, कोणी नसताना, पट्टीचं टोक त्या कडीत अडकवून बघितलं. राहत नव्हतं. पण आपल्याला अडकवता येत नाही म्हणजे आपोआप अडकत नाही असं थोडंच आहे?

४

"बटणवाली म्हणजे कोण हो?" तिने पुढच्या रविवारी डॉक्टरांना विचारलं. ते स्वयंपाकघरात कप विसळायला आले होते. या बाबतीत माणूस सोन्यासारखा.

"ती ना? ती तुमच्या नणंदेची मैत्रीण. फार कामात असते म्हणे."

नणंद म्हणाली, "माझी? छे! बाईंच्या ओळखीची आहे ती. वहिनी, तू लक्ष देऊ नकोस. दादाच्या खेळात असं कोणी ना कोणी असतंच. मी तर शाळेत असल्यापासून त्याच्या खेळात मरतेय. एकदा तर त्याने मला बादलीत बुडवून मारलं होतं. बादलीत!"

बाईंनी मात्र आधी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला.

"मी या टेबलावर आले तेव्हा ती होतीच," त्या म्हणाल्या. "म्हणजे, नव्हतीच. खुर्ची होती."

"तुम्ही कधी बघितलंय तिला?"

"असं बघ. आम्ही सगळे इथे कितीदा तरी मेलोय. मेलं की नवी सोंगटी, पुन्हा शून्यापासून. जो वाचतो त्याला दर डावात काहीतरी मिळतं, थोडं बळ, थोडी अक्कल, एखादी किल्ली. ती एकदाही मेली नाही. नियमच आहे ना, इजा नाही आणि वाटा पूर्ण. इतकी वर्षं ती नुसती घेतेय." बाई जराशा हसल्या. "एकदा मीच तुझ्या नवऱ्याला म्हटलं होतं, अरे, इतकं सगळं साठलं की माणूस कधीतरी खर्च करायला बाहेर पडतो."

"मग तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार? त्याने ते लिहून घेतलं. चांगलं वाक्य दिसलं की लिहून घ्यायची खोड आहे त्याला."

५

आता नकाशा म्हणजे त्यांचंच घर होतं. त्यामुळे 'मागे' म्हणजे कुठे, हे नेमकं दिसायला लागलं. पहिल्या डावात बटण बोळात होतं. नंतर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. त्याला कोण हलवतं हे तिने लक्ष ठेवून बघितलं. कोणीही हलवायचं. डॉक्टर बशी सरकवताना, नणंद बाही सावरताना, बाई बोलता बोलता बोटाने. प्रत्येकाला वाटायचं आपण नीट करून ठेवतोय.

ती ज्या खुर्चीवर बसायची ती स्वयंपाकघराला पाठ करून होती. उंबरा तिच्या डाव्या खांद्यामागे.

घरातले थांबे लांबत चालले. "रात्री काय करायचं जेवायला?" तो विचारायचा. ती म्हणायची, काहीतरी हलकं. तो थांबायचा, पलीकडे बघायचा. आणि एक दिवस तो म्हणाला, "हो, मलाही तेच वाटतं," आणि जे करायला घेतलं ते ती म्हणाली होती ते नव्हतं.

सकाळी जाग आली की ती भिंतीकडे असायची, तो पलंगाच्या पार कडेला, पडेल की काय असा. मध्ये जागा. नवराबायको रुसली की अशी झोपतात म्हणे. पण ते रुसले नव्हते, आणि मधल्या चादरीला सुरकुत्या होत्या.

"सवत असेल तुझी," ताई फोनवर खदखदून हसत म्हणाली. "बटणाची सवत! अगं, माझा नवरा क्रिकेटशी बोलतो. क्रिकेटपण उत्तर देत नाही."

तीही हसली. हसताना तिचं लक्ष बोळाकडे होतं.

शेवटी तिने त्याच्याकडेच विषय काढला. सोमवारी पुस्तक छपाईला जायचं होतं. तो खुशीत होता, आणि तिला त्याची खुशी मोडायची नव्हती. हा माणूस तिला मनापासून आवडत होता, तीच तर अडचण होती.

"तो नियम या पुस्तकातून काढशील? मागे उभं राहण्याचा?"

"तो?" त्याला धक्काच बसला. "अगं, तो काढला तर माझं म्हणून उरतं काय? राक्षस सगळेच लिहितात."

"मग निदान बटणवालीला काढ. कोण आहे ती?"

"पहिल्यापासून आहे ती."

"पहिल्यापासून म्हणजे सायकलच्या दुकानावर? तुझ्या वर्गातली होती? कशी दिसायची?"

तो आठवायला लागला. त्याचा चेहरा कसा झाला, तर दुसऱ्या खोलीत काहीतरी आणायला जावं आणि तिथे पोचल्यावर काय आणायचं तेच विसरावं, तसा. मग त्याने तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. थांबला. आणि त्याचा चेहरा निवळला.

"असू दे ना," तो प्रेमाने म्हणाला. "तिचा कोणाला त्रास आहे?"

मला, असं तिला म्हणायचं होतं. माझं घर आहे हे. या घरात तू मला विचारशील आणि माझंच उत्तर ऐकशील, एवढंच मला हवंय. पण तो पुन्हा पलीकडे बघत होता, आणि यावेळी हसला, कोणीतरी बारीकसा विनोद केल्यासारखा.

६

लग्नाआधीपासून ती एका विमा कंपनीत दावे तपासायची. अटी वाचणं हाच धंदा. माणसं पहिली ओळ वाचतात आणि सह्या करतात. ती सगळं वाचायची, आणि 'तोपर्यंत', 'असेल तर' अशा शब्दांपाशी थांबायची. सगळी गंमत तिथेच असते.

खुर्ची रिकामी असेल तर.

तिने शुक्रवारी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून यावर विचार केला. इजा होत नाही, का? खुर्ची रिकामी आहे म्हणून. त्या खुर्चीवर कोणी बसलं, बटण आपलं म्हणून खेळायला घेतलं, तर बटणवाली हजर. आणि हजर असलेल्या पात्राला या घरात काय होतं हे सगळ्यांना माहीत होतं. आतल्या खोलीचा नियम तिनेच तपासून दिला होता: जो जितकं घेऊन आत शिरेल, तितकं त्याला जड जाईल. डॉक्टरांसारखा, वारंवार मरून फाटका राहिलेला माणूस कदाचित परत येईल. इतक्या वर्षांचं साठवलेली येणार नाही.

म्हणजे बसायचं, बटण उचलायचं आणि आत न्यायचं. नवरा सूत्रधार म्हणून कडक होता. बहिणीला बादलीत बुडवणारा माणूस, तो कोणाला सोडणार नाही. टेबलावर एकदा झालं ते झालं. ते पुसायचं नाही, हा त्या मंडळींचा धर्मच.

आणि आपलं पात्र, हिरव्या साडीतलं? आपण त्या खुर्चीवर गेलो म्हणजे आपली खुर्ची रिकामी. म्हणजे ते मागे उभं राहील, सुखरूप, वाट्यासकट. तिने हेही बघून घेतलं आणि तिला मनातल्या मनात बरं वाटलं. दोन्हीकडून फायदाच. असा दावा साहेबांसमोर ठेवला असता तर त्यांनी एका मिनिटात मंजूर केला असता.

तिने डबा संपवला. भूक चांगली लागली होती.

७

रविवारी लख्ख ऊन होतं. खिडक्या उघड्या होत्या, खाली कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. अशा दुपारी घाबरायचं म्हटलं तरी जमू नये.

सगळे बसले. ती आपल्या खुर्चीपाशी गेली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग टेबलाला वळसा घालून बटणवालीच्या खुर्चीवर जाऊन बसली.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"वहिनी," नणंद म्हणाली, "ती तिची जागा आहे."

"ती येत नाही ना? आज मी तिच्याकडून खेळते."

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "खेळ," तो म्हणाला. "पण मी सोडणार नाही हं. बायको म्हणूनसुद्धा नाही."

"नकोच सोडूस."

खुर्ची वेताची होती. कोणीच बसत नसलेल्या खुर्चीचा वेत ताठ असायला हवा. हा मध्ये खोल गेलेला होता, रोजच्या वापरातला. ती त्यात बरोबर बसली. इथून सगळ्यांचे चेहरे दिसत होते, एकही सुटत नव्हता. आणि इथे कोणीच बघत नव्हतं. बसल्यावर जेमतेम घोटभर चहा प्यायला लागेल एवढ्या वेळात सगळ्यांच्या नजरा इथून निघून गेल्या होत्या. पाठीमागे बोळ होता. आज बोळात काही नव्हतं. तिला ते पाठीने कळलं, आणि का कोण जाणे, त्याचीच भीती वाटली.

खेळ सुरू झाला. नवरा सांगायला लागला. सांगताना त्याचा आवाज सपाट व्हायचा, कोणाचीही बाजू न घेणारा. घरात दुपार आहे. खाली कोणीतरी गाडी धुतंय. बोळाच्या टोकाला आतली खोली, दार उघडं. पलंगाची कड दिसते. चादरीला मध्ये सुरकुत्या आहेत.

"मी आत जाते," ती म्हणाली. बटण उचललं. ते थंड होतं आणि दिसायचं त्यापेक्षा जड. तिने ते नकाशावर आतल्या खोलीत ठेवलं.

"डॉक्टर?"

"मी आपला हॉलमध्येच. मला काय करायचंय तिकडे!"

"बाई?"

"मी बघत्ये," बाई म्हणाल्या. त्या नकाशाकडे बघत नव्हत्या. त्या एकट्याच समोरच्या, तिने सोडलेल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या, आणि त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता, बहुतेक नीट दिसू नये म्हणून.

"मी हिला मागे ओढते," नणंद म्हणाली आणि फासे टाकले. फसले.

मग फेरी हिरव्या साडीपाशी आली. सगळे थांबले. तो थांबा तिच्या ओळखीचा होता, पण या बाजूने तिने तो कधी ऐकला नव्हता. या बाजूने तो शांत नव्हता. त्यात वेताचा आवाज होता, कोणीतरी खुर्चीत पुढे झुकल्यासारखा. तिने वाट बघितली, आता हा म्हणेल मागे उभी आहे, आता म्हणेल.

नवऱ्याने मान हलवली.

"बरं," तो समोरच्या खुर्चीला म्हणाला. "तू बाहेरून दार ओढून घेतेस."

"वहिनी!" नणंद किंचाळली आणि हसायला लागली. "काय गं ही दुष्ट!"

"आमच्या वहिनी पक्क्या निघाल्या," डॉक्टर म्हणाले. ते समोर बघत होते, समोरच्याच्या तोंडाकडे, नेहमीसारखे.

"थांब," ती म्हणाली. "अरे, मी इथे आहे. मी इकडे बसलेय."

तिचा आवाज आला. तिला स्वतःला ऐकू आला. नवऱ्याने हात वर केला, सौम्यपणे, नव्याने खेळायला आलेल्या माणसाला करतात तसा.

"एकेकजण," तो म्हणाला. "तुमचा नंबर आला की बोला."

तुमचा.

तिने समोर बघितलं. ऊन खिडकीतून थेट त्या खुर्चीवर पडत होतं, इतकं की डोळे दिपत होते. साडीचा काठ दिसत होता, हिरवा की काय. टेबलावर एक हात होता. त्याने तिचा कप उचलला, कानाकडून नाही, दोन्ही तळव्यांत धरून, जसा ती धरायची. बाकी उजेडच.

तिने अटी आठवायला सुरुवात केली. तेच तिला येत होतं. असेल तर. तोपर्यंत. खुर्ची सोडून उठलं तर? मग ही रिकामी होईल, आणि बटणवाली पुन्हा सुखरूप, मागे उभी. पण आता बटणवाली कोण होती? आणि न उठता फासे टाकले तर... तिने उठायचा प्रयत्न केला नाही. प्रयत्न करून बघायची तिला हिंमत झाली नाही, हे जास्त खरं.

"आतल्या खोलीत अंधार होतो," नवरा सांगत होता. सपाट आवाजात. "तुमच्याजवळ जे जे आहे ते सगळं तुमच्याबरोबर आत आहे. तुम्ही फासे टाका."

फासे तिच्या मुठीत होते. कोणी दिले, कधी दिले, ते आठवेना.

"टाका ना," नणंद म्हणाली, अगदी मायेने, घरी आलेल्या परक्या बाईशी बोलावं तसं. "आम्ही सगळेच मरतो इथे कधी ना कधी. काही होत नाही."

बाईंनी हात पुढे केला, टेबलावरून, तिच्या मुठीच्या दिशेने, आणि अर्ध्यावर थांबवला.

"घाबरू नका," समोरून कोणीतरी म्हणालं.

आवाज जरासा पातळ होता, जरासा नाकातला. तो आवाज तिने फोनवर रेकॉर्ड झालेला ऐकला होता, आणि दर वेळी ताईला विचारलं होतं, खरंच मी अशी बोलते का गं? आणि ताई दर वेळी म्हणाली होती, अशीच बोलतेस, आम्हाला अशीच ऐकू येतेस.

नवरा हसला आणि समोरच्या हातावर हात ठेवून म्हणाला, "थांब ना, टाकू दे त्यांना." आणि मग तो नेहमीसारखा पलीकडे बघत थांबला नाही, त्याला जे उत्तर हवं होतं ते त्याला मिळालेलं दिसत होतं.